मोटरहोमचा फ्रिज हलवताय? आधी त्याची पाठ सांभाळा

गेल्या दोन उन्हाळ्यांत इथे अमेरिकेत ओळखीतल्या चार मराठी घरांनी जुनी मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) घेतली, चौघांनाही कधी ना कधी फ्रिज काढून न्यायची वेळ आली, आणि त्यातल्या तिघांनी तो गाडीतून सुखरूप काढला आणि वाटेत मारला. एकाने पिकअपमध्ये आडवा टाकला. दुसऱ्याने मागच्या नळ्यांना धरून उचलला. तिसऱ्याने बाकी सगळं बरोबर केलं पण रॅचेटचा (खटक्याने आवळायचा) पट्टा थेट त्याच नळ्यांवरून आवळला. हा तिसरा म्हणजे मी. आता पाचव्या माणसाचा फोन आला, म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

चूक सगळ्यांची एकच, घरचा फ्रिज समजून हलवला. घरचा फ्रिज म्हणजे दणकट कपाट आणि खाली कोपऱ्यात लपलेला कॉम्प्रेसर. मोटरहोमच्या गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचं बरोबर उलटं असतं, पाठीवरचं लोखंडी नळ्यांचं जाळं हाच फ्रिज, पुढचा भाग म्हणजे फोमची पेटी. त्या नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कारखान्यातच दाबाने भरून वेल्डिंगने कायमचं बंद केलेलं असतं. एक नळी चिरली की संपलं. गल्लीतला मेकॅनिक येऊन गॅस भरून देईल असा प्रकार इथे नाही, अख्खं कूलिंग युनिट बदलावं लागतं आणि त्याचा खर्च ऐकून माणूस नवा फ्रिजच बघायला लागतो.

## ० : तुमचा फ्रिज कुठल्या जातीचा, ते आधी बघा

गाडीच्या बाहेरून फ्रिजच्या मागे खालच्या बाजूला जाळीची झडप असते, प्लास्टिकच्या फिरक्या पाव वळसा फिरवल्या की निघते. आत टॉर्च मारा. छोटा बर्नर, त्याच्यावर पत्र्याच्या आवरणातला बॉयलर आणि वर जाणारी चिमणी दिसली तर तो ॲबसॉर्प्शन फ्रिज, म्हणजे गॅस आणि १२० व्होल्ट दोन्हीवर चालणारा. हा लेख मुख्यतः त्याचाच.

काळं मडक्यासारखं काहीतरी दिसलं तर तो कॉम्प्रेसर. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज येतो, मोठ्या मोटरहोममध्ये तर सरळ घरगुती फ्रिजच बसवलेला असतो. त्यांना गॅसची भानगड नाही, टप्पा २ मधला गॅसचा भाग सोडून द्या, पण उभाच न्यायचा हा नियम त्यांनाही आहे कारण आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. पुण्यात घर बदलताना टेम्पोवाले सांगायचे ना, "साहेब, लगेच चालू करू नका", ते याच कारणाने.

तपासा: बर्नरच्या आसपास किंवा नळ्यांवर पिवळी पूड किंवा पिवळे डाग आहेत का? फ्रिजच्या आत नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आहे का? यातलं एक जरी असेल तर युनिट गळलेलं आहे. ती पिवळी पूड म्हणजे नळ्या गंजू नयेत म्हणून आत घातलेलं सोडियम क्रोमेट. विषारी आहे, उघड्या हाताने पुसायला जाऊ नका. असा फ्रिज विकत घ्यायचा असेल तर तिथूनच परत फिरा, आणि तुमचाच असेल तर निदान माणसं बसतात त्या बंद गाडीतून नेऊ नका.

सेकंडहँड घेताना अजून एक. विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगा की विजेवर चालू करून ठेव. हे फ्रिज तासाभरात थंड होत नाहीत, सहा-आठ तास तर सहज लागतात, म्हणून "आत्ता लावून दाखवतो" याला काही अर्थ नाही. आतल्या स्टिकरवरचा मॉडेल आणि सिरीयल नंबर घेऊन एनएचटीएसए या अमेरिकन वाहन-सुरक्षा खात्याच्या साइटवर आणि कंपनीकडे रिकॉल (दोष निघाल्याने कंपनीने माल परत बोलावणं) आहे का ते बघा. जुन्या ॲबसॉर्प्शन फ्रिजचे आगीच्या धोक्यावरून रिकॉल झालेले आहेत, ही उगाच भीती नाही.

## १ : आदल्या दिवसाची तयारी

आदल्या दिवशी सकाळीच फ्रिज बंद करा, रिकामा करा, दारं उघडी ठेवा, फ्रीझरखाली जुना टॉवेल घाला. बर्फ सुरी-स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, त्या पत्र्याच्या मागेच थंड नळी चिकटलेली असते. घाई असेल तर आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा.

रॅक, ट्रे, भाजीचा ड्रॉवर सगळं बाहेर, वेगळ्या खोक्यात. मागचं पाणी जाण्याची बारीक नळी असते ती कुठून कुठे जाते याचा फोटो काढा. खरं तर सगळ्याचेच फोटो काढा, मागून, पुढून, वायरींचे जवळून, गॅसच्या जोडाचे दोन्ही बाजूंनी. मी चाळीस फोटो काढले होते आणि बसवताना एकेचाळिसावा हवा होता.

आता टेप घ्या आणि मापं मोजा. फ्रिजची रुंदी, खोली (मागच्या नळ्यांसकट), उंची, आणि मग गाडीच्या दाराची मोकळी रुंदी. इथेच लोक अडकतात, कारण कारखान्यात बऱ्याचदा फ्रिज आधी बसवतात आणि भिंती नंतर. ८ क्यूबिक फुटाचा फ्रिज साधारण २४ इंच रुंद असतो आणि गाडीचं दार त्याच्याच आसपास, त्यात दाराची कडी, पायरीचा दांडा, स्क्रीनचं दार. दारं आणि बिजागऱ्या काढल्यावर दोन-तीन इंच मिळतात, तेवढ्यात बहुतेक वेळा भागतं. नाही भागलं तर मोठी खिडकी काढून तिथून बाहेर, पण हे फ्रिज अर्धा बाहेर आल्यावर कळून उपयोग नाही.

सामान: दोन पाने, गॅसच्या जोडाच्या मापाचा पितळी फ्लेअर प्लग (गॅसच्या नळीचं तोंड बंद करायचं बूच, बऱ्याचदा ३/८ इंची, पण मोजूनच आणा), मास्किंग टेप, मार्कर, प्लायवूडचे दोन तुकडे, चार लाकडी पट्ट्या, जुन्या गोधड्या, उभी ट्रॉली, चार रॅचेट पट्टे आणि एक धडधाकट मित्र. ८ क्यूबिक फुटवाला १२० ते १५० पौंडांच्या घरात जातो, १२ क्यूबिक फुटवाल्याला मित्र तीन लागतील.

## २ : आधी गॅस, मग वीज, मग स्क्रू

हा क्रम बदलायचा नाही.

गॅस. टाकीचा मुख्य व्हॉल्व बंद करा. मोटरहोमला टाकी खाली चासीलाच बोल्ट केलेली असते, बाहेरच्या कप्प्यात तिचा व्हॉल्व सापडेल. मग आत येऊन शेगडी पेटवा आणि ज्योत आपोआप विझेपर्यंत जळू द्या, म्हणजे लाइनमधला गॅस संपला. शेगडीचं बटण बंद करा. हे लोक विसरतात आणि आठवड्याने टाकी उघडली की शेगडीतून गॅस येत राहतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत साचतो आणि उभ्या माणसाला वास उशिरा येतो.

वीज. बाहेरची केबल काढा. जनरेटर बंद, इन्व्हर्टर बंद. फ्रिजचा १२० व्होल्टचा प्लग मागच्या कप्प्यातल्या सॉकेटमधून हाताने उपसा, पॅनेलवरचा स्विच बंद केलाय म्हणून विश्वास ठेवू नका. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. यामुळे गॅस डिटेक्टरही बंद पडणार, म्हणूनच गॅस आधी संपवायचा.

आता १२ व्होल्टच्या वायरी, आणि इथे आपल्याकडच्या सवयीने हमखास घोळ होतो. काळी म्हणजे निगेटिव्ह असं धरून चालू नका. अमेरिकन मोटरहोममध्ये १२ व्होल्टची काळी वायर बऱ्याचदा पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. उलट जोडलं की कंट्रोल बोर्डाचा फ्यूज जातो, आणि नशीब खराब असेल तर बोर्डच जातो. प्रत्येक वायरीला टेप, टेपवर मार्करने "फ्रिज +", "फ्रिज −", आणि वायरींची टोकं वेगवेगळी गुंडाळा.

गॅसचा जोड सोडवणं. दोन पाने लागतात. एकाने फ्रिजकडचा पितळी भाग घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर तांब्याची नळी पिळली जाते, आणि पिळलेली नळी सरळ केली तरी तिचा भरवसा नाही. नट सुटताना "कुईं" असा बारीक आवाज येतो आणि किंचित वास येतो, तेवढा चालतो. वास येतच राहिला तर थांबा, व्हॉल्व नीट बंद झालेला नाही.

गाडीच्या बाजूच्या नटात लगेच फ्लेअर प्लग घट्ट बसवा. चिंधी कोंबून टेप मारणं हा प्लग नव्हे. फ्रिजच्या बाजूच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी आणि टेप लावा, कारण कोळी आणि गांधीलमाश्यांना या नळ्या फार आवडतात. गॅरेजमध्ये महिनाभर उघडा ठेवलेला फ्रिज नंतर पेटत नाही तेव्हा बऱ्याचदा आत जाळं असतं.

सावधान: गाडीची शेगडी-हीटर मधल्या काळात वापरायचे असतील तर प्लग लावल्यावर टाकी उघडून प्लगवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर परत आवळा. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांनी हा लेख इथेच सोडावा.

स्क्रू. मागे खाली तळाला दोन-तीन, पुढे चौकटीत छोट्या प्लास्टिकच्या टोप्यांखाली लपलेले, आणि कधी कधी वरच्या-खालच्या पट्टीच्या आत. "ओढतोय पण येत नाही" म्हणजे एखादा राहिलाय, जोर लावू नका, शोधा. माझा राहिलेला वरच्या पट्टीमागे होता, सापडायला पाऊण तास लागला.

## ३ : बाहेर काढणं

दारं आधी काढा. वरची बिजागरी सोडवली की दार खिळीवरून उचलून येतं. दोन दारांच्या मध्ये किंवा वरती कंट्रोल पॅनेल असेल तर तिथल्या वायरी ताणू नका. बिजागऱ्या आणि त्यांचे स्क्रू एका डब्यात, डब्यावर नाव.

फ्रिज बहुतेक वेळा जमिनीवर नसतो, खाली हीटर किंवा ड्रॉवर असतो आणि त्याच्यावर फूट-दीड फूट उंचीवर बसवलेला असतो. म्हणजे बाहेर ओढला की पुढे काय? हवा. म्हणून ओढायच्या आधी त्याच उंचीचा पक्का चौथरा पुढे लावा, लाकडी ठोकळे आणि वर प्लायवूड. प्लास्टिकची खोकी, बर्फाची पेटी वगैरे जुगाड नको.

एक जण बाहेरून मागच्या झडपेतून तळाची चौकट ढकलेल, नळ्यांना हात न लावता. दुसरा आतून पुढची चौकट धरून सरळ ओढेल. एका वेळी दोन इंच, मग थांबून मागे काही अडकलंय का बघायचं, मग पुढचे दोन.

सावधान: उचलताना हात फक्त तळाच्या लोखंडी चौकटीला आणि पेटीच्या कडांना. पाठीवरच्या नळ्या हँडलसारख्या दिसतात आणि नेमक्या हाताच्या उंचीवर असतात, म्हणूनच माणसाचा हात तिकडे जातो. मित्राला आधीच सांगा, आणि उचलायच्या क्षणी परत सांगा.

पेटीच्या बाजूसुद्धा घरच्या फ्रिजसारख्या नसतात. कपाटात लपणार म्हणून पातळ पत्रा किंवा नुसतं आवरण आणि आत फोम, अंगठा दाबला तरी खळगा पडतो. ट्रॉली बाजूच्या अंगाने लावायची आणि मध्ये प्लायवूड. पाठीकडून ट्रॉली कधीही नाही. पायऱ्यांवरून उतरवताना थोडा वेळ तिरका झाला तर काही होत नाही, तो बंद आहे. पूर्ण आडवा करायचा नाही.

## ४ : गाडीत लादणं आणि बांधणं

इथे जरा थांबून वाचा, कारण नुकसान इथेच होतं.

पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात, "माझ्या एसयूव्हीत आडवा बसतो, अर्ध्या तासाचाच रस्ता आहे, चालेल का?" नाही. या फ्रिजमध्ये मोटर नाही की पंप नाही, आतलं द्रावण फक्त उतारावर वाहतं. आडवा केला की ते भलत्या नळ्यांत जाऊन बसतं, वर रस्त्याचे दणके. कधी कधी उभा करून ठेवल्यावर परत जागेवर येतं, कधी येत नाही, आणि कुठलं होणार ते आधी कळत नाही. पिकअप किंवा ट्रेलर दिवसभरासाठी भाड्याने मिळतो, तो घ्या.

आता पाठीचं संरक्षण. पेटीपासून बाहेर नळ्या किती इंच आल्यात ते मोजा, त्याच्यापेक्षा इंचभर जाड अशा दोन लाकडी पट्ट्या फ्रिजच्या मागच्या दोन उभ्या कडांना लावा, आणि त्यांच्यावर प्लायवूडचा तुकडा. म्हणजे पाठीमागे एक उथळ पेटी तयार झाली, आतल्या नळ्यांना काहीच टेकत नाही आणि पट्टा आवळला तरी सगळा जोर कडांवर येतो. मी हे केलं नव्हतं. गोधडी टाकून वरून पट्टा आवळला होता, गोधडी मऊ आहे म्हणून. रॅचेटला मऊ-बिऊ काही कळत नाही, दर दणक्याला पट्टा थोडा सैल झाला की मी थांबून परत दोन खटके आवळायचो, आणि घरी येऊन गोधडी काढली तर नळ्यांवरच्या पंखांसारख्या पट्ट्या एका बाजूला लोळलेल्या आणि वरच्या नळीला वेल्डिंगजवळ नखाएवढा खळगा. तीन दिवसांनी पिवळा डाग दिसला.

तोंड कुठे करायचं? दाराची बाजू ड्रायव्हरच्या केबिनकडे, पाठ मागे. करकचून ब्रेक लागला की सगळं वजन पुढे जातं, तेव्हा पुढे सपाट बाजू हवी, नळ्या नकोत. केबिनच्या भिंतीला टेकवून मध्ये गोधडी.

पट्टे दोन उंचींवर, एक खालून एक तृतीयांश उंचीवर आणि एक वरून एक तृतीयांशावर, चार कोपऱ्यांच्या हुकांना. दोन्ही पट्टे प्लायवूडवरून जायला हवेत. नुसता खालचा पट्टा बांधला तर वळणावर फ्रिज वरून झुकतो. आवळायचं किती? हलवून बघितलं की फ्रिज आणि गाडी एकत्र हलली पाहिजे, पण पेटीच्या कडा आत दबायला नकोत.

दारं वेगळी, गोधडीत, उभी. काढली नसतील तर टेपने बंद करा, पण मास्किंग टेप घ्या, ती चंदेरी जाड टेप नको, उन्हात तिचा गोंद रंगासकट निघतो. पाऊस असेल तर वरून ताडपत्री, विशेषतः कंट्रोल बोर्ड आणि बर्नरवर.

तपासा, निघण्यापूर्वी: पट्टा नळ्यांना कुठेच टेकत नाही. मागच्या कप्प्यातल्या वायरी लोंबकळत नाहीत. बिजागरीच्या स्क्रूंचा डबा तुमच्याकडे आहे, मित्राकडे नाही.

## ५ : वाटेत

फार काही नाही. पहिल्या १०-१५ मैलांनंतर थांबून पट्टे बघा, गोधड्या दबतात आणि पट्टे सैल होतात. त्यानंतर तासातासाने. खड्डे हळू.

वाटेत अमोनियाचा वास आला तर गाडी बाजूला घ्या, वारा ज्या बाजूने येतो तिकडे उभे राहा, सिगरेट-लायटर लांब. तो वायू डोळ्यांना आणि घशाला वाईट झोंबतो आणि सोबतचा हायड्रोजन पेट घेणारा. वास वाढत असेल तर ९११ ला फोन करा, लाजू नका.

## ६ : उतरवल्यावर, बसवताना

उतरवून उभा ठेवा. वाटेत कुठेही आडवा किंवा जास्त कलता झाला असेल तर किमान २४ तास तसाच राहू द्या. सरळ उभा आला असला तरी मी रात्रभर ठेवतो. लगेच बसवायचा नसेल तर दारांच्या फटीत जुना मोजा घालून किंचित उघडी ठेवा, नाहीतर महिन्याने आत बुरशी.

बसवायच्या आधी बर्नरची नळी साफ करा आणि जाळं-घरटं बघा. मग क्रम बरोबर उलटा: स्क्रू, वीज, गॅस.

गॅसच्या फ्लेअर जोडाला पांढरी टेफ्लॉन टेप लावायची नाही. नळाच्या कामाची सवय म्हणून प्रत्येक जण लावतोच. फ्लेअरचा जोड धातूवर धातू बसून बंद होतो, टेप आट्यांवर लावून काही साधत नाही, उलट तुकडा सुटून बर्नरच्या बारीक भोकात अडकतो. नट आधी हाताने पूर्ण बसवा, मग दोन पान्यांनी घट्ट. टाकी हळू उघडा, जोडावर साबणाचं पाणी, दोन मिनिटं बघत बसा. भांडी घासायचा साधा साबण चालेल, फक्त अमोनियावाला क्लीनर नको, पितळेला तडे जातात.

फ्रिजचा मागचा कप्पा आणि राहायची जागा यांच्यामधली फट पूर्ण बंद झाली पाहिजे, पूर्वी फोमची पट्टी होती तशीच नवी लावा. मागे ज्योत जळते, तिचा धूर बाहेरच्या झडपेतून जायला हवा, तुमच्या बेडरूममध्ये नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरचं टेस्ट बटण आत्ताच दाबा.

गाडी समतल उभी करा. फ्रीझरच्या तळावर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी बघा. चालू गाडीत हेलकाव्यांमुळे द्रावण वाहत राहतं, पण उतारावर पार्क करून फ्रिज चालू ठेवला तर ते एका जागी साचतं, बॉयलर कोरडा तापतो आणि ते क्रोमेट आतच घट्ट होऊन नळी बुजते. एवढं सगळं करून आणलेला फ्रिज घराच्या उतरत्या ड्राइव्हवेवर एका रात्रीत गेलेला मी पाहिलाय.

पहिल्यांदा विजेवर चालू करा, गॅसवर नाही. दोन-तीन तासांनी मागून चिमणीजवळ हात धरून बघा, गरम लागली पाहिजे. लावू नका, भाजेल. मधल्या खणात पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून झोपा. सकाळी ४० डिग्री फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे ४ सेल्सियसच्या आसपास आलं तर ठीक. मगच गॅसवर टाका, त्याआधी शेगडी पेटवून लाइनमधली हवा काढा, तरीही पहिल्या दोन-तीन वेळा फ्रिज पेटणार नाही आणि पॅनेलवर चूक दाखवेल. बंद करून परत चालू करा. ज्योत निळी हवी. पिवळी, फडफडणारी असेल तर बर्नर अजून घाण आहे, परत उघडा.

आणि दूध पहिल्या दिवशी नको, दोन दिवस नुसत्या पाण्याच्या बाटल्या ठेवा.